एक शब्द आधीची झील

गहिनीनाथला राग कशाचा येत नसे, हे आधी सांगितलेलं बरं. भाकरी करपली, अंथरूण मिळालं नाही, तमाशाच्या फडाचा ट्रक ओढ्यात रुतला आणि सगळ्यांबरोबर उतरून ढकलावा लागला, तरी तो चकार शब्द काढत नसे. पण नको त्या माणसाला नको ते काम दिलं आणि त्यानं ते नको तसं केलं, की गहिनीनाथच्या तळपायाची आग मस्तकाला गेलीच म्हणून समजा. मग ते काम तमाशातलं असो, नाटकातलं असो की शाळेच्या संमेलनातलं. देवळाली प्रवऱ्याला एका संगीत नाटकात राजाचं काम करणाऱ्या मास्तरांना त्यानं भर मंडपात उभं राहून विचारलं होतं, की राजाचं राज्य गेलंय का राजा सातचा पाढा म्हणतोय. मास्तर पुढं दोन वर्षं तो दिसला की रस्ता ओलांडून पलीकडनं जायचे. त्याची बायको गोजरबाई म्हणायची, की ह्या माणसाला घरातल्या कशावर मत विचारलं तर आभाळाकडं बघतो, आणि परक्याच्या नाटकातली राणी चुकली तर दोन दिवस धड जेवत नाही.

हा गहिनीनाथ चांगुणाबाई देवळालीकरांच्या तमाशात पंचवीस वर्षं झीलकरी होता. झीलकरी म्हणजे मुख्य गाणारीच्या मागं तुणतुणं घेऊन उभा राहणारा माणूस. बाई ओळ गाते, ओळीचे शेवटचे शब्द झीलकरी उचलतो आणि तिच्याही वरच्या सुरात लांबवतो. तेवढ्यात बाई दम घेते आणि पुढची ओळ धरते. लोक बाईला बघायला येतात. झीलकऱ्याचं नाव कोणी विचारत नाही, हँडबिलावर ते छापत नाहीत, आणि फोटो काढताना तो हमखास कोणाच्या तरी फेट्याआड जातो. पण झील ढिली पडली की गाणं बसलं, हे तमाशातल्या कोणालाही विचारा.

फडात तो आला तोही गळ्यामुळंच. चोविसाव्या वर्षापर्यंत तो रानात जोंधळा राखायचा. माळ्यावर उभं राहून पाखरांना घातलेली त्याची हाळी नदीपलीकडच्या गावात ऐकू जायची. नवा फड उभा केलेल्या चांगुणाबाई एक दिवस बैलगाडीतून त्या वाटेनं चालल्या होत्या. त्यांनी गाडी थांबवली, रानात शिरून माळ्याखाली उभ्या राहिल्या आणि विचारलं, की एवढा गळा पाखरांवर कशाला वाया घालवतोस. त्यानं गोफण खाली ठेवली आणि चौथ्या दिवशी तुणतुणं हातात घेतलं.

बाईंच्या फडाचा नावाजलेला वग म्हणजे ‘मेंढरवाली साळू’. साळूच्या नवऱ्याचा खून होतो. खून करणारा असतो सरदार, आणि न्याय करायला बसतो तोही सरदारच. साळू भर दरबारात शिरते आणि गाते:

ज्याच्या हाती न्याय दिला,
त्याचाच हात लाल गं.

आणि मागून झील उठते: हात लाल गं, हात लाल. गहिनीनाथचं म्हणणं असं, की इथं झील ही नुसती झील नव्हे. एकटी बाई सरदाराच्या तोंडावर बोलते, तिचा आवाज संपतो, आणि त्यानंतर जो चढतो तो गावाचा आवाज. सरदाराचं काम जालिंदर करायचा. दरबार भरल्यापासून तो उजवा हात शालीच्या आत ठेवायचा. झील शेंड्याला पोचली की शाल घसरायची, हात उघडा पडायचा, आणि जालिंदर त्या हाताकडं दुसऱ्या कोणाचा असल्यासारखं बघत राहायचा. त्या वेळी मंडपात कोणी खोकतसुद्धा नसे. अकोले गावापासून राहुरीपर्यंत जत्रा करणाऱ्या माणसांना तो दरबार तोंडपाठ होता.

आता एक गोष्ट, जी गहिनीनाथनं गोजरबाईलाही कधी सांगितली नव्हती. बारा वर्षांपूर्वी संगमनेरला चांगुणाबाई छातीच्या दुखण्यानं महिनाभर पडून होत्या. उठल्या, बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या मंचावर, उभ्या राहिल्या, आणि पहिल्याच खेळात ‘त्याचाच हात’ इथवर येऊन त्यांचा दम सरला. पुढचा ‘लाल’ सगळ्यात उंच. मागं उभ्या असलेल्या गहिनीनाथला बाईंची पाठ दिसत होती, ती आत ओढली गेली होती. त्यानं वाट बघितली नाही. ‘लाल’ त्यानंच घेतला आणि झील एक शब्द आधी उचलली. बाईंना वाटलं, गडी आज भरात आलाय. दुसऱ्या दिवशीही तो तसाच आला, तिसऱ्याही दिवशी आला, आणि तीच चाल पडली. पुढं बारा वर्षं साळूनं स्वतःच्या तोंडानं ‘लाल’ म्हटलंच नाही. लोक मात्र जाता जाता म्हणायचे, पन्नाशी आली तरी बाईंचा दम बघा. ते ऐकून गहिनीनाथ खाली मान घालून तुणतुण्याची तार पुसत बसायचा, आणि त्या दिवशी त्याला जेवण गोड लागायचं.

सत्तर साली पुण्याहून सिनेमावाले आले. संगमनेरला त्यांनी दोन रात्री वग बघितला, बाईंकडून सगळं उतरवून घेतलं आणि आपला वग पडद्यावर येणार म्हणून बाईंनी फडाला शिरा खाऊ घातला. त्यांच्यातल्या एका चष्मेवाल्यानं सगळ्यांना विचारलं, तुम्ही काय करता. पेटीवाल्याचं लिहिलं, ढोलकीवाल्याचं लिहिलं, जालिंदरचंही लिहिलं. गहिनीनाथ म्हणाला, झील ओढतो. चष्मेवाल्यानं मान डोलावली आणि पेन खिशात ठेवलं. झीलेचं काही खरं नाही हे पेन खिशात जाताना बघूनच आपण ओळखलं होतं, असं गहिनीनाथ पुढं वर्षभर भेटेल त्याला सांगत होता.

सिनेमा एकाहत्तरच्या दिवाळीनंतर संगमनेरला लागला. फडाची कामं बघणारा, बाईंच्या बहिणीचा मुलगा राधाकृष्ण, सगळ्यांना दुपारच्या तीनच्या खेळाला घेऊन गेला. पहिल्या दहा मिनिटांतच गहिनीनाथ खुर्चीत चुळबुळ करायला लागला. पडद्यावरच्या साळूनं कोकरू कडेवर घेतलं होतं, बारशाला निघाल्यासारखं. अरे, कोकरू मानेवर टाकतात, चारी पाय छातीशी धरतात, हे मेंढरामागं एक दिवस हिंडलेल्या माणसालाही समजतं. तिच्या टाचा लोण्यासारख्या. तिच्या लुगड्याला काटा लागलेला नाही. नवरा मेल्याचं कळतं तेव्हा बाई आधी केसाची बट मागं सारते आणि मग रडते. आणि गाणं म्हणताना तोंड हिचं, गळा भलतीचाच. मागच्या रांगेतल्या माणसानं दोनदा गप बसा म्हणून सांगितलं, तेव्हा गहिनीनाथ त्यालाच समजावून सांगायला लागला.

मग दरबार आला. सरदाराचं काम एका देखण्या माणसाला दिलेलं. तो दोन्ही हात हवेत उडवत आसनासमोर येरझाऱ्या घालत होता. ज्या हातावर अख्खा वग टांगलेला, तो हात तोवर शंभर वेळा बघून झालेला. साळूनं ओळ धरली. ‘ज्याच्या हाती न्याय दिला.’ गहिनीनाथचा श्वास आपोआप भरला. ‘त्याचाच हात.’

आणि तो उभा राहिला. कसा राहिला ते त्यालाही सांगता आलं नाही. पंचवीस वर्षांची सवय. भर थेटरात, अंधारात, त्यानं ‘लाल’ उचलला आणि झील छपरापर्यंत नेली. आधी सगळं थेटर दचकलं, मग हसलं, मग बॅटरीचा झोत त्याच्या तोंडावर आला. झील उतरली तेव्हा पडद्यावर पन्नास फिडली वाजत होत्या आणि सरदार ढसाढसा रडून साळूचे पाय धरत होता. डोअरकीपरनं गहिनीनाथला दंडाला धरून बाहेर काढलं.

बाहेर रसवंतीपाशी राधाकृष्ण त्याच्यावर उखडला. सगळ्या गावात शोभा केली, म्हणाला. गहिनीनाथ ऐकून घेणाऱ्यातला नव्हता. त्यानं कोकरापासून फिडलींपर्यंत सगळं काढलं. खुनी रडला म्हणजे सुटला का, हे त्यानं तीनदा विचारलं. झीलच काढून टाकल्यावर गाव कुठं गेलं? साळूला ह्या लोकांनी दरबारात एकटी सोडली. वाघापुढं शेळी बांधावी तशी बांधली आणि वर फिडली लावल्या. राधाकृष्णनं ते सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाला, “नाना, ते समदं खरं. पर तिचा शबुद पुरा तरी झाला हुता का? तुमी मधीच घुसला.”

“तिचं सुरूच कुठं झालं हुतं,” गहिनीनाथ म्हणाला, आणि रस न पिताच चालता झाला. पण ते वाक्य त्याला लागलं. कुसळासारखं ते कुठंतरी अडकून राहिलं.

सिनेमा चालला, आणि चालला म्हणजे चांगलाच चालला. जत्रेतली माणसं तंबूच्या दारात विचारायला लागली, की साळू पिक्चरवाली आहे का जुनी. जुनी म्हटलं की निम्मी परत फिरायची. आदल्या साली पाऊसही नीट झालेला नव्हता, जत्रा ओसरल्या होत्या. राधाकृष्णनं ठरवलं, की वग पिक्चरसारखा करायचा. लखलखती साडी आली, माईक आला, जालिंदरला शाल सोडून रडायला सांगितलं. फिडलींच्या जागी पेटी भरून वाजवायची ठरलं. आणि साळूच्या कामाला गीता आली. गीता अकोल्याकडची, एकोणीस वर्षांची, दुसऱ्या फडात नाचायची. तिला का घेतली? तर तिच्या उजव्या गालाला पिक्चरवालीसारखी खळी पडायची. खळीवर साळू ठरली. चांगुणाबाईंनी गुडघे दुखतात म्हणून मान हलवली आणि काम सोडलं. झीलकऱ्याला तंबूच्या दारात उभं केलं, गर्दी सांभाळायला.

गहिनीनाथच्या जिवाची काय तडफड झाली ते लिहिता येणार नाही. मीठ नसलेली भाकर महिनाभर खाल्ली असती, पण हे गिळता येईना. तो दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आत जाऊ नका, आत खळी आहे, साळू नाही. राधाकृष्णनं त्याला तिथूनही काढलं आणि खुंट्या ठोकायला लावलं. तो खुंट्या अशा ठोकायचा की पाचातल्या दोन फुटायच्या.

एक दिवस दुपारी गीता त्याच्यापाशी आली. हातात चहाचा पेला होता, तो तिनं त्याच्यापुढं ठेवला. खाली बसली, पदर सावरला आणि विचारलं, “नाना, दरबारात त्या ओळीला दम कुठं घ्यायचा? कोनी सांगंना. बाई म्हनत्यात, मला ठावं न्हाई, मला कदी लागलाच न्हाई.”

त्या शेवटच्या वाक्यावर गहिनीनाथनं खरं तर थांबायला हवं होतं. पण त्याला दिसत होती ती खळी. “पिक्चर बघ,” तो म्हणाला. “तुला तिथनंच आनली ना. तिथंच इचार.” गीता उठून गेली. चहा तसाच राहिला, त्यात मुंग्या झाल्या.

चैत्रात अकोल्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी एका गावची भैरोबाची जत्रा होती. ह्या जत्रेनंतर फड सोडायचा आणि गोजरबाईकडं जाऊन कारखान्याच्या उसात राबायचं, असं गहिनीनाथनं ठरवलं होतं. रात्री तंबूत नवा वग झाला. माईक असा काही गरजत होता की गीता गाते का कोण गातं, कळायला मार्ग नव्हता. लोक पिक्चर बघितल्यासारखे गप बसले आणि गप उठून गेले. गहिनीनाथ आत गेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी. जत्रेला आलेल्या फडानं सकाळी देवापुढं येऊन गायचं, ह्याला इकडं हजेरी म्हणतात. तंबू नाही, रंग नाही, माईक नाही. देवळापुढच्या पटांगणात उन्हात उभं राहायचं आणि गाव म्हणेल ते म्हणायचं. माणसं हातभरावर बसलेली. गहिनीनाथ देवळाच्या पायरीवर बसला होता. तुणतुणं फडक्यात गुंडाळून काखेत, पिशवी भरलेली. दहाची अकोले गाडी धरायची होती. पण त्याआधी त्याला एक गोष्ट डोळ्यांनी बघून जायची होती. गावानं दरबाराची फर्माईश केलीच, तर माईकशिवाय खळी कशी उघडी पडते ते. एवढ्या वर्षांत त्यानं कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं, आज तो मन लावून चिंतत होता.

फर्माईश झाली. झुंबरबाई म्हणून एक म्हातारी पुढंच बसली होती, तिनं केली. राधाकृष्णनं पेटीवाल्याला खूण केली. शाल नव्हती, म्हणून जालिंदरनं सवयीनं उजवा हात पाठीमागं लपवला. चांगुणाबाई एका बाजूला खाटेवर बसल्या होत्या. गीता साध्या लुगड्यात पुढं आली. चेहऱ्याला रंग नाही, घामानं केस कपाळाला चिकटलेले. तिनं डोळे मिटले आणि ओळ धरली.

ज्याच्या हाती न्याय दिला.

आवाज मोठा नव्हता, पण सरळ होता. पटांगणाच्या टोकाला नारळवाल्यानं मान वर केली. गहिनीनाथला ते आवडलं नाही. आता पुढं कळेल, तो मनाशी म्हणाला. त्याचाच हात.

आणि गावानं झील उचलली. झुंबरबाईनं उचलली, तिच्या मागच्या म्हाताऱ्यांनी उचलली, बायांनी उचलली, पार देवळाच्या ओट्यावरच्या गुरवानं उचलली. कोणी सांगितलं नव्हतं. वीस वर्षं ऐकलेली झील कोणी ओढत नाही म्हटल्यावर त्यांनीच ओढली. लाल गं, हात लाल गं. दीडदोनशे गळे. गहिनीनाथनं मांडीवर थाप मारली. हेच तर तो बोंबलून सांगत होता. झील म्हणजे गाव. घ्या आता, वाजवा फिडली.

तेवढ्यात त्याचं लक्ष गीताकडं गेलं. तिचं तोंड उघडं होतं. तिची पाठ ताठ होती, छाती भरलेली होती. तिच्याजवळ दम होता. हवा तेवढा होता. ‘लाल’ तिच्या ओठांवर आला होता आणि गावानं तो तिच्या तोंडातून काढून घेतला होता. ती बावरून लोकांकडं बघत होती. तिनं तो शब्द पुन्हा म्हणायचा प्रयत्न केला, पण दोनशे माणसांपुढं एकटीचं काय चालणार? गाव साळूच्या बाजूनं उभं राहिलं होतं आणि साळूलाच बोलू देत नव्हतं.

गहिनीनाथच्या पायाखालची पायरी सरकली. गाव चुकत नव्हतं. गाव अगदी बरोबर त्याच्यासारखं म्हणत होतं. एक शब्द आधी. बारा वर्षं त्यानं दर जत्रेला जे पेरलं होतं, ते हे असं उगवलं होतं. ज्या माणसाला कोकरू कसं धरलं तेही खपत नव्हतं, त्यानं वगातला सगळ्यात मोठा शब्द साळूच्या तोंडून कायमचा पळवला होता. सिनेमावाल्यांनी नव्हे. राधाकृष्णनंही नव्हे. त्याला राग आला, आणि पहिल्यांदाच त्या रागाला बाहेर जायला वाट नव्हती.

गीतानं दुसऱ्यांदा ओळ धरली. आवाज आता कापत होता. गहिनीनाथ उठला. फडकं सोडता सोडता माणसांतून वाट काढत तो पुढं गेला, तिच्या मागं नेहमीच्या जागेवर उभा राहिला आणि डावा हात गावापुढं आडवा धरला.

“थांबा,” तो म्हणाला. “तिचं संपल्यालं न्हाई.”

गाणं थांबलं, पेटी थांबली. झुंबरबाई म्हणाली, की आम्ही तुझ्यासारखंच तर म्हणतोय. सगळं पटांगण त्याच्याकडं बघत होतं आणि खाटेवरून चांगुणाबाईही बघत होत्या. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्यानं ते गिळलं.

“माझी झील चुकीची हुती,” तो म्हणाला. “लवकर पडत हुती. माझाच ताल कच्चा. तुमी माझं ऐकून चुकला. आता पोरीला पुरं म्हनू द्या, मग या.”

पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसानं हे भर जत्रेत म्हटलं. मागं कोणीतरी हसलं. राधाकृष्णनं डोळे मोठे केले. गहिनीनाथनं तुणतुण्याची तार छेडली आणि गीताच्या कानाशी हळू म्हणाला, “‘हाती’नंतर घे दम. बक्कळ हाय तुझ्याकडं. घाई करू नगं.”

गीतानं ओळ धरली. ‘हाती’नंतर दम घेतला. ‘त्याचाच हात’ म्हणून झालं, गाव पुढं सरकलं, गहिनीनाथचा हात आडवा होता, गाव थांबलं. आणि बारा वर्षांनी साळू माईकशिवाय ‘लाल’ म्हणाली. एकटी म्हणाली, जालिंदरच्या तोंडाकडं बघत. तो शब्द शेवटपर्यंत गेला, संपला, आणि त्यानंतर अर्धा श्वास काहीच नव्हतं. मग गहिनीनाथनं हात खाली घेतला. गहिनीनाथ आणि गाव एकदम उठले. जालिंदरचा हात पाठीमागून कधी पुढं आला ते त्याचं त्याला कळलं नाही.

दहाची गाडी गेली. दुपारी सामान भरताना राधाकृष्णनं माईकची पेटी तळाशी टाकली आणि तुणतुणं वर ठेवलं. फड संगमनेरकडं निघाला. चांगुणाबाई नेहमी पुढं ड्रायव्हरशेजारी बसायच्या. त्या दिवशी त्या मागं आल्या आणि तंबूच्या गठ्ठ्यावर गहिनीनाथसमोर बसल्या. ट्रक घाट उतरला.

“तुझा ताल कच्चा न्हाई,” त्या म्हणाल्या. “किती वर्सं?”

गहिनीनाथनं तुणतुण्याकडं बघितलं. “बारा,” तो म्हणाला.

“मला का न्हाई सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुमी काम सोडलं असतं, बाई.”

बाई त्याच्याकडं बघत राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण गहिनीनाथनं त्यांना इतकं रागावलेलं पंचवीस वर्षांत बघितलं नव्हतं. “सोडलंच असतं,” त्या म्हणाल्या. “दम न्हाई तिनं साळू करू नये, एवढं मला समजतं. तवाच एखादी पोर उभी केली असती, जिला ‘लाल’ म्हनता येतं. लोकं माझ्या दमाची तारीफ करायची आन् मी खुळ्यावानी मान डोलवायची. बारा वर्सं साळू कोनी करायची ते तू ठरवलंस, गहिनीनाथ. मला न इचारता.”

बाई बोलून थांबल्या तेव्हा ट्रकमध्ये सगळे जागे होते आणि सगळे झोपल्याचं दाखवत होते. राजाच्या पाढ्यावर, कडेवरच्या कोकरावर, खळीवर आणि फिडलींवर ज्याचं मत तयार होतं, तो माणूस खाली मान घालून तुणतुण्याची तार पुसू लागला. कोपऱ्यात गीता तोंडावर पदर घेऊन ‘हाती’नंतर दम घ्यायचा सराव करत होती. तेवढाच आवाज संगमनेरपर्यंत येत राहिला.